झाकण कुठं उघडायचं: अणुपाणबुडीच्या इंधनाविषयी

गेल्या रविवारी वाचनालयातल्या गप्पा संपल्यावर आमच्या गल्लीतल्या एका मुलीनं मला दारातच गाठलं. मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, वडिलांचं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीनशॉप आहे. तिनं विचारलं, "काका, अणुपाणबुडी वर्षानुवर्षं इंधन न भरता फिरते म्हणतात. पण कधीतरी भरावंच लागत असेल ना? ते कुठं भरतात, कसं भरतात, ठरवतं कोण? डिझेल देतात तसं भर समुद्रात दुसऱ्या जहाजावरून का देत नाहीत? आणि ज्या गावाशेजारी हे काम चालतं तिथल्या माणसांचं काय?" उभ्या उभ्या दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं, पण घरी आल्यावर स्वतःलाच पटेना. म्हणून हे सविस्तर लिहितोय, तिच्यासाठी आणि हाच प्रश्न पडलेल्या इतरांसाठी.

आधी माझी पात्रता सांगतो, म्हणजे कशावर किती विश्वास ठेवायचा ते तुला ठरवता येईल. मी पाणबुडीवर काम केलेलं नाही. माझी नोकरी जमिनीवरच्या अणुभट्ट्यांत गेली, त्यातली बरीच वर्षं तारापूरला इंधन बदलण्याच्या कामात. आपल्या देशातल्या बहुतेक भट्ट्यांत भट्टी चालू असतानाच इंधन बदलता येतं. तारापूरच्या १९६९ सालच्या पहिल्या दोन भट्ट्या मात्र वेगळ्या घडणीच्या. त्या बंद कराव्या लागतात, वरचं जाडजूड झाकण क्रेननं उचलावं लागतं, वरचा हौद पाण्यानं भरावा लागतो आणि मग पाण्याखालून एकेक इंधनसंच काढावा लागतो. एका भट्टीत असे २८४ संच. पाणबुडीतलंही काम झाकण उचलूनच होतं. त्यामुळे जगभरच्या नौदलांनी याविषयी जे उघड केलं आहे ते वाचताना प्रत्येक पायरीला मला माझ्या हाताखालचं काम आठवतं.

आणि म्हणूनच या सगळ्या विषयात मी एकाच गोष्टीकडे बघतो: झाकण. पाणबुडीच्या आयुष्यात ते किती वेळा उघडायचं, कुठं उघडायचं आणि ते उघडं असताना भोवती कोण उभं आहे. बाकीचे सगळे निर्णय यामागून येतात.

"भरणं" हा शब्द जरा दिशाभूल करतो. पेट्रोलपंपावर गाडीची टाकी रिकामी असते, तिथं फक्त भरायचंच असतं. इथं टाकी कधीच रिकामी नसते. जुनं इंधन आकारानं जसंच्या तसं जागेवर असतं, फक्त त्यातला कस गेलेला असतो. आणि गंमत अशी की नवं इंधन आत घालणं त्या मानानं सोपं. युरेनियमचा नवा संच हातमोजे घालून हाताळता येतो, त्याचा किरणोत्सार इतका कमी असतो. तेच इंधन काही वर्षं जळून बाहेर आलं, की आडोशाशिवाय त्याच्याजवळ काही मिनिटं उभा राहिलेला माणूसही वाचायचा नाही. म्हणजे एकाच वस्तूचे दोन वेगवेगळे धोके. नव्या इंधनाला चोरापासून जपायचं, कारण अमेरिका आणि ब्रिटन पाणबुड्यांत ९० टक्क्यांहून जास्त संवर्धित युरेनियम (म्हणजे ज्यात सहज फुटणाऱ्या अणूंचं प्रमाण तेवढं वाढवलेलं आहे असं) वापरतात आणि ते बॉम्बच्या दर्जाचं असतं. (तारापूरच्या इंधनात हेच प्रमाण तीन टक्क्यांच्या आत असतं.) जुन्या इंधनापासून मात्र माणसांना जपायचं. पहारा, भिंती, रस्ता, वाहन, सगळं या दोन धोक्यांसाठी वेगवेगळं लागतं, आणि इंधन बदलायच्या दिवसांत हे दोन्ही एकाच आवारात असतात.

दुसरी गोष्ट उष्णतेची. गुऱ्हाळ तू पाहिलेलं आहेस. चुलवाणात चिपाड टाकणं थांबवलं म्हणून चुलवाण लगेच निवत नाही. रस संपलेली काहील तशीच वर ठेवली तर तळ जळतो, म्हणून गुळव्या आधी काहील उतरवायला लावतो. अणुभट्टीचंही तसंच आहे, फक्त इथं काहील उतरवायची सोय नाही. समज, १०० मेगावॉट उष्णता देणारी भट्टी पूर्ण ताकदीनं चालवून बंद केली. त्या क्षणालाही सहा-सात मेगावॉट उष्णता आतून निघतच राहते. तासाभरानं ती दीड मेगावॉटच्या आसपास येते, दिवसानं अर्ध्या मेगावॉटच्या. मग हळूहळू, आठवडे-महिने घेत उतरत जाते. या सगळ्या काळात पाणी फिरतं ठेवावंच लागतं. म्हणून पाणबुडी गोदीत आली आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं असं होत नाही. आधी थांबावं लागतं, आणि थांबण्याच्या काळात विजेचा आणि पाण्याचा दुहेरी, तिहेरी बंदोबस्त लागतो. गोदीची जागा निवडताना पहिला प्रश्न हाच: इथली वीज गेली तर पाणी कोण फिरवणार?

आता "कसं" याकडे येतो. पाणबुडी सुक्या गोदीत घेतात, पाणी उपसतात, ती लाकडी ठोकळ्यांवर स्थिर बसते. भट्टीच्या नेमकं वर एक बंदिस्त घर उभारतात, आतली हवा गाळून बाहेर सोडायची व्यवस्था असलेलं. मग पाणबुडीचं कवच कापतात. इथं तुझ्या वडिलांना काळजी वाटेल, आणि वाटायलाच हवी. समुद्रात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. ३०० मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० किलोचा भार येतो. ज्या कवचानं तो पेलायचा ते कापायचं, आणि काम झाल्यावर असं जोडायचं की जोडाची जागा मूळ पोलादाइतकीच भरवशाची राहील. वेल्डिंगच्या इंच इंच जागेचा एक्स-रे निघतो. फ्रेंचांनी यातून वेगळी वाट काढली. त्यांनी कवचात मुळातच मोठी दारं ठेवली, म्हणजे दर वेळी कापायला नको. तसं का, ते पुढं सांगतो.

कवचाखाली भट्टीचं झाकण. त्यातून खाली नियंत्रणाच्या कांड्या गेलेल्या असतात. या कांड्या न्यूट्रॉन शोषून घेतात, त्या खाली आहेत तोवर भट्टी झोपलेली. झाकण उचलायच्या आधी प्रत्येक कांडी खाली जखडून ठेवायची आणि जखडली आहे हे एकानं नव्हे, दोघांनी स्वतंत्रपणे पाहायचं. तारापूरला आमच्या डोक्यावर पाण्याचा मोठा हौद होता आणि पाणी हा उत्तम आडोसा. पाणबुडीत एवढा हौद करायला जागा कुठली? तिथं इंधन शिसं आणि पोलादाच्या जाड नळकांड्यात ओढून घेतात, ते नळकांडं क्रेननं उचलून बाजूच्या साठवणीत नेतात, परत येतात, पुढचा संच. नवा गाभा, म्हणजे इंधनाचा सगळा नवा जुडगा, आत गेला की झाकण, बोल्ट, दाबाची चाचणी, कवच जोडणं आणि मग भट्टी अगदी सावकाश पुन्हा जागी करणं. हे काम कधीच एकटं येत नाही, सगळी पाणबुडी उघडून दुरुस्ती त्याच्याबरोबरच चालते. साखर कारखाना गळीत हंगाम संपल्यावर सगळा मोकळा करतात तसं. फक्त कारखान्याचं ओव्हरहॉलिंग काही महिन्यांत उरकतं, हे वर्षांच्या हिशेबात चालतं.

यातली प्रत्येक पायरी म्हणजे वजन उचलणं. म्हणून भर समुद्रात का नाही, या प्रश्नाचं उत्तर मी एका घटनेतून देतो. मला ती आमच्या कामाच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे.

१० ऑगस्ट १९८५. व्लादिवोस्तोकजवळची चाझमा खाडी. सोव्हिएत नौदलाची के-४३१ ही पाणबुडी धक्क्याला होती. सुक्या गोदीत नाही, पाण्यात तरंगत, शेजारी तरंगतं दुरुस्ती-जहाज आणि त्याची क्रेन. नवं इंधन भरून झालं होतं. झाकण बसवून दाबाची चाचणी घेतली तर गळती निघाली. कारण काय, तर झाकण आणि गॅस्केटच्या मधे वेल्डिंग रॉडचा जळका तुकडा राहिला होता. तुझ्या वडिलांच्या शॉपमध्ये संध्याकाळी झाडून काढतात तसला तुकडा. नियमानं पाहिलं तर इथं सगळं थांबवून वर कळवायला हवं होतं, कांड्या जखडलेल्या आहेत का ते नव्यानं तपासून मगच पुढं जायला हवं होतं. त्यांनी तसं केलं नाही. झाकण पुन्हा उचललं आणि त्याच्याबरोबर कांड्याही वर आल्या. त्याच वेळी जवळून गेलेल्या एका टॉर्पेडो बोटीच्या लाटेनं क्रेन हलली आणि झाकण आणखी वर गेलं, असं नंतरच्या वृत्तांतांत सांगितलेलं आहे. साखळी क्रिया क्षणात सुरू झाली, पाण्याची वाफ होऊन स्फोट झाला, कित्येक टनांचं झाकण उडालं. वर काम करणारे दहाच्या दहा जण जागीच गेले.

गाभा नवा होता, त्यात जुन्या इंधनात साठतात तसे दीर्घायुषी किरणोत्सारी पदार्थ फारसे नव्हते. हीच घटना जुना गाभा काढताना घडली असती तर त्या किनाऱ्याचं काय झालं असतं याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो. आणि हे पहिल्यांदा घडलं होतं असंही नाही. त्याच्या वीस वर्षं आधी, फेब्रुवारी १९६५ मध्ये, सेव्हेरोद्विन्स्कला के-११ या पाणबुडीचं इंधन बदलताना झाकण उचलतानाच भट्टी अशीच जागी झाली होती. पहिल्या अपघाताची माहिती ज्यांना सर्वांत जास्त हवी होती त्या कामगारांपर्यंत ती मोकळेपणानं पोचायला हवी होती. गुप्ततेच्या कपाटात अपघाताचा अहवाल ठेवला की तो अपघात पुन्हा होतो. मी हे ठामपणे म्हणतो, कारण आमच्याकडे कुठल्याही भट्टीवर काही चुकलं की त्याची टिपणं इतर ठिकाणी वाचून दाखवायची पद्धत होती, आणि त्या वाचनांनी माझे स्वतःचे हात दोनदा तरी योग्य वेळी थांबले आहेत.

क्रेनबद्दल एक आठवण सांगतो. नोकरी लागायच्या आधी मी सुट्टीत एका फौंड्रीत जायचो. फौंड्रीचं नाव घेत नाही. एकदा वितळलेल्या लोखंडाचं लॅडल क्रेनवर असताना खालून दोन माणसं खुणा करत होती, एक पुढं घे म्हणतोय, दुसरा थांब म्हणतोय. ऑपरेटर गोंधळला, झटका बसला, लोखंड काठावरून सांडलं. एका मदतनीस कामगाराचा पाय घोट्यापर्यंत भाजला. त्याची किंकाळी अजून कानात आहे. पुढं तारापूरला पहिल्याच दिवशी मला सांगितलं गेलं की झाकण हवेत असताना खूण एकच माणूस करेल, आणि "थांब" मात्र कुणीही म्हणू शकेल, अगदी झाडूवालासुद्धा. त्या नियमामागं काय आहे हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

तर समुद्रावर का नाही, ते यावरून समज. इंधनसंच आणि त्याच्या खोबणीत मोकळी जागा मिलिमीटरांत असते. तरंगत्या क्रेनचा हुक सेंटिमीटरांत हलतो. सोव्हिएत नौदलानं तरंगत्या जहाजांवरून हे काम वर्षानुवर्षं केलं, कारण त्यांच्याकडे पाणबुड्या फार आणि गोद्या कमी. त्याची किंमत त्यांच्या माणसांनी मोजली. माझ्या मते हे काम फक्त कोरड्या, घट्ट जमिनीत खोदलेल्या गोदीत व्हावं आणि क्रेनचे पाय खडकात असावेत.

आता किती वेळा. अमेरिकेची नॉटिलस ही जगातली पहिली अणुपाणबुडी. १७ जानेवारी १९५५ ला ती अणुशक्तीवर निघाली आणि साधारण दोन वर्षांत, ६० हजारांहून अधिक मैल फिरून, १९५७ मध्ये तिचा पहिला गाभा संपला. तेव्हापासून अमेरिकन अभियंत्यांनी एकच ध्यास घेतला, गाभ्याचं आयुष्य वाढवायचा. ओहायो वर्गाच्या मोठ्या पाणबुड्यांना आयुष्याच्या मध्यावर एकदाच इंधन बदलावं लागलं. त्यातलं शेवटचं काम, लुइझियाना या पाणबुडीचं, वॉशिंग्टन राज्यातल्या प्युजेट साउंड गोदीत २०२३ मध्ये पुरं झालं. त्यानंतरच्या व्हर्जिनिया वर्गाचा गाभा ३३ वर्षं चालावा असा बांधलेला आहे, म्हणजे पाणबुडीच्या आयुष्याइतका. झाकण कारखान्यात बंद होतं ते थेट पाणबुडी मोडीत काढतानाच उघडतं.

फ्रान्स याच्या बरोबर उलट वाटेनं गेला. त्यांच्या पाणबुड्यांतलं युरेनियम वीजनिर्मितीच्या भट्ट्यांसारखंच कमी संवर्धित असतं, बॉम्बच्या कामाचं नाही. त्यामुळे गाभा लवकर संपतो, साधारण दर दहा वर्षांनी तुलाँ किंवा ब्रेस्टच्या आवारात बदलावा लागतो. म्हणून ती कवचातली दारं. त्यांचं म्हणणं असं की बॉम्बच्या दर्जाचा माल वेगळा बनवायला नको, सांभाळायला नको, आणि दर दहा वर्षांनी भट्टी आतून डोळ्यांनी पाहायला मिळते. यात तथ्य आहे. जून २०२० मध्ये तुलाँला पेर्ल या पाणबुडीला दुरुस्ती चालू असताना मोठी आग लागली, कित्येक तास विझेना. पण तिचं इंधन त्याआधीच काढून ठेवलेलं होतं. नियमानुसार आधी इंधन बाहेर, मग गॅसकटर आत. या साध्या क्रमामुळे ती आग फक्त आगच राहिली.

मला कुठली वाट बरी वाटते, असं तू विचारशीलच. झाकण जितकं कमी उघडेल तितकं बरं, असं माझा अनुभव म्हणतो. पण ३३ वर्षं आत न बघता राहायचं तर एक अट हवी, आणि ती ब्रिटनच्या अनुभवातून पक्की कळते. ब्रिटननं स्कॉटलंडमध्ये डाउनरेजवळ जमिनीवर तशीच एक भट्टी ठेवली होती, पाणबुड्यांतल्या गाभ्यासारखाच गाभा घालून, आणि ती मुद्दाम पाणबुड्यांच्या पुढं चालवली जायची. बैलांच्या रांगेतला पुढचा बैल म्हण. रस्ता खचलेला असेल तर पहिल्यांदा त्याला कळतं. जानेवारी २०१२ मध्ये त्या भट्टीच्या पाण्यात थोडा किरणोत्सार आढळला, म्हणजे इंधनाच्या आवरणाला कुठंतरी सूक्ष्म भेग गेली होती. ही गोष्ट ब्रिटिश संसदेत सांगितली गेली ती मार्च २०१४ मध्ये. ज्या व्हॅनगार्ड पाणबुडीला आता पुन्हा इंधन लागणार नाही असं धरलं होतं, तिचं इंधन पुन्हा बदलायचं ठरलं. २०१५ च्या अखेरीला ती डेव्हनपोर्टच्या गोदीत गेली आणि बाहेर आली २०२३ मध्ये. साडेतीन-चार वर्षांचं धरलेलं काम सात वर्षांवर गेलं. जमिनीवरची भट्टी नसती तर ही भेग समुद्राखाली कधीतरी कळली असती. आपल्याकडेही कल्पाक्कमला पाणबुडीच्या भट्टीचा जमिनीवरचा नमुना आहे, २००३ मध्ये तो पहिल्यांदा चालला आणि २००६ पासून पूर्ण कामाला लागला. त्या भट्टीचं मोल मी फार मोठं मानतो. ती थकेपर्यंत चालवावी आणि तिचं दुखणं लपवू नये.

ठरवतं कोण, हा तुझा प्रश्न छोटा वाटतो पण सगळ्यात अवघड आहे. अमेरिकेत रिकोव्हर नावाच्या अॅडमिरलनं एक पद्धत घालून दिली. भट्टीची रचना, इंधन, माणसांचं प्रशिक्षण, गोदीतलं काम आणि शेवटी जुन्या इंधनाची विल्हेवाट, सगळं एकाच कार्यालयाकडे. त्याचा प्रमुख नौदलालाही जबाबदार आणि ऊर्जाखात्यालाही, आणि त्याची मुदत आठ वर्षांची, म्हणजे आपण घेतलेल्या निर्णयाचं फळ बघायला तो खुर्चीवर असतो. मला ही आठ वर्षांची गोष्ट फार पटते. दर दोन वर्षांनी बदली होणारा माणूस ३३ वर्षांच्या गाभ्याबद्दल काय काळजी करणार?

आणि जागा. जागा थोड्याच असाव्यात. ब्रिटनमध्ये एकेकाळी चॅथम, रोसाइथ आणि डेव्हनपोर्ट अशा तीन गोद्यांत हे काम चालायचं. चॅथम १९८४ मध्ये बंद झाली, पुढं रोसाइथचंही काम थांबलं, आता फक्त डेव्हनपोर्ट. कुणी म्हणेल, एकाच जागी सगळं ठेवणं धोक्याचं. पण इंधन बदलायचं काम हातातलं कसब आहे. दहा वर्षांत एकदाच करणाऱ्या तीन तुकड्यांपेक्षा तीन वर्षांतून एकदा करणारी एक तुकडी बरी, तालमीत रोज उतरणाऱ्याच्या अंगात जो डाव बसतो तो जत्रेपुरता उतरणाऱ्याच्या बसत नाही. त्याबरोबर जमीन पाहायची. १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या वडीलधाऱ्यांनी अनुभवला आहे, त्यांना हे सांगायला नको. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकन नौदलानं प्युजेट साउंड भागातल्या चार सुक्या गोद्यांतलं पाणबुड्यांचं काम थांबवलं, कारण मोठ्या भूकंपात त्या टिकतील का याची नव्यानं तपासणी केल्यावर खात्री वाटेना. कामं तुंबली, खर्च वाढला, तरी थांबवलं. अशी थांबण्याची हिंमत मला मोठ्या गोदीपेक्षाही महत्त्वाची वाटते.

पण जागा निवडताना बहुतेकांकडून जी चूक होते ती वेगळीच. नवं इंधन कुठं घालायचं याचा विचार होतो, काढलेलं कुठं ठेवायचं याचा मागाहून. मळीचं आणि सांडपाण्याचं काय करायचं ते न ठरवता गाळप सुरू केलं की पुढं नदीचं काय होतं, हे पंचगंगेकाठी राहणाऱ्या आपल्याला कुणी शिकवायला नको. रशियाच्या उत्तरेला आंद्रेयेवा नावाची खाडी आहे. पाणबुड्यांतून काढलेलं इंधन १९६० च्या दशकापासून तिथं साठवत गेले. १९८२ मध्ये तिथला एक हौद गळू लागला. मग ते इंधन घाईघाईनं दुसऱ्या टाक्यांत हलवलं, त्याही काही धड नव्हत्या. सुमारे २२ हजार इंधनसंच त्या किनाऱ्यावर साठले. ते बाहेर काढून नेण्याचं काम सुरू झालं २०१७ मध्ये, तेही अनेक देशांनी पैसे घातले तेव्हा आणि इटलीत खास जहाज बांधलं तेव्हा. पस्तीस वर्षं. ब्रिटनमध्येही निवृत्त पाणबुड्या डेव्हनपोर्ट आणि रोसाइथच्या गोद्यांत दशकानुदशकं नुसत्या उभ्या राहिल्या, त्यातल्या कित्येक आत इंधन असलेल्या. अमेरिकेनं हा प्रश्न त्या मानानं लवकर धरला. त्यांचं जुनं इंधन १९५७ पासून रेल्वेनं आयडाहोला जातं. तरीही आयडाहो राज्यानं कोर्टात धाव घेतली आणि १९९५ मध्ये लेखी तडजोड झाली की हे इंधन २०३५ पर्यंत राज्याबाहेर न्यायचं. राज्यानं संघसरकारकडून तारीख लिहून घेतली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

यावरून शेवटचा प्रश्न, शेजारच्या माणसांचा. तू २०१९ च्या पुरात शाळेत असशील. राजाराम बंधाऱ्याची पातळी कोल्हापुरातल्या लहान पोरालाही पाठ असते: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. हाल झाले, नुकसान झालं, पण लोक रात्रभर आकडा बघत होते आणि आकड्यावरून घर सोडायचं की नाही ठरवत होते. पुराचा अभ्यास कुणी केलेला नव्हता, तरी दोन आकडे सगळ्यांना ठाऊक होते. अणुगोदीशेजारच्या वस्तीलाही असंच काहीतरी पाठ असावं. ब्रिटनमध्ये अणुपाणबुडी कुठल्या धक्क्यावर थांबू शकते ते धक्के ठरलेले असतात आणि त्याभोवतीच्या वस्तीसाठी आपत्कालीन योजना छापून वाटलेली असते. साउदॅम्प्टनसारख्या व्यापारी बंदरातही पाहुण्या पाणबुडीसाठी असा धक्का आणि अशी उघड योजना आहे. प्लिमथला गोदीजवळच्या लोकांसाठी आयोडीनच्या गोळ्यांची सोय आहे. किरणोत्सारी आयोडीन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं. आधीच साधं आयोडीन घेतलेलं असेल तर ग्रंथी भरलेली असते आणि ते आत शिरत नाही. हे आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं, म्हणून पहिले काही दिवस दारं-खिडक्या बंद करून घरात राहणं आणि वेळेवर गोळी घेणं यानंच मोठा फरक पडतो. एवढं सांगितल्यानं लोक घाबरतील असं अधिकारी म्हणतात. लोक न सांगितल्यानं जास्त घाबरतात, हे मी पुरातही पाहिलं आणि तारापूरच्या आसपासच्या गावांतही.

आपली अरिहंत ही अणुपाणबुडी विशाखापट्टणमला २००९ मध्ये पाण्यात उतरली. तिची भट्टी पहिल्यांदा जागी झाली ती तारीख १० ऑगस्ट २०१३, चाझमाच्या बरोबर अठ्ठाविसाव्या वर्षी. ते वाचलं त्या दिवशी मी देवापुढं दिवा लावला होता, आणि त्यात के-४३१ च्या दहा जणांसाठीही होता. २०२४ मध्ये अरिघात ताफ्यात आली. विशाखापट्टणम हे लाखो वस्तीचं शहर आहे, २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळानं तिथले विजेचे खांब कसे आडवे केले ते सगळ्यांनी पाहिलं. त्याच्या दक्षिणेला रांबिल्लीजवळ नवा तळ उभारला जातोय. दाट वस्तीपासून लांब जाणं मला योग्य वाटतं. पण रांबिल्लीच्या किनाऱ्यावरही कोळ्यांची गावं आहेत, आणि त्यांच्या भाषेत, तेलुगूत, एका पानावर काय करायचं ते छापलेलं असावं, यासाठी कुठल्याही गुपिताला धक्का लागत नाही. पाणबुडी कुठं लपते ते गुपित राहू दे. भोंगा वाजला तर आजीला घेऊन कुठल्या खोलीत बसायचं हे गुपित नाही.

तू या क्षेत्रात जायचं म्हणतेस. डिप्लोमावाल्यांसाठी अणुऊर्जा महामंडळात आणि भाभा केंद्रात प्रशिक्षणार्थी म्हणून भरती होते, जाहिरातीवर लक्ष ठेव. आत गेल्यावर छातीला किरणोत्साराचा डोस मोजायचा बिल्ला लागतो. वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची (हे त्या डोसचं माप) मर्यादा असते, पाच वर्षांत १०० च्या वर नाही आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, ती पाळली जाते. पण त्याआधी एक काम कर. यंदा हंगाम संपला की आपल्या भागातल्या एखाद्या साखर कारखान्यात बॉयलरचं ओव्हरहॉलिंग बघायला जाऊ, मी बोलून ठेवतो. येताना वही आण. बॉयलरच्या आत जाणारा प्रत्येक पाना, प्रत्येक हातोडी, वेल्डिंगचा प्रत्येक रॉड पहिल्या पानावर लिहायचा, आणि झाकण बंद व्हायच्या आधी बाहेर आलेल्या वस्तूंशी एकेक ताडून बघायचा. रॉडचे जळके तुकडेसुद्धा मोजायचे.